अवधूताचा पंचविसावा गुरू

आमच्या आजोळी चातुर्मासात एकनाथी भागवताचं वाचन व्हायचं. आम्हा मुलांना त्यातलं फारसं काही कळत नसे, पण यदुराजाला भेटलेल्या अवधूताची गोष्ट सगळ्यांनाच आवडायची. राजा विचारतो, बाबा रे, तू इतका आनंदात कसा? तुझा गुरू तरी कोण? आणि तो अवधूत (परंपरेने त्यालाच दत्तात्रेय मानलं आहे) एक नाही, दोन नाही, चोवीस गुरूंची नावं सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मासा, कोळी, भुंगा, दिव्यावर झेप घेणारा पतंग, पिल्लांमागे जाळ्यात उडी टाकणारं कबुतर. शाळेतल्या गुरुजींपेक्षा हे गुरू बरे, असं तेव्हा वाटायचं. यातला एकही गृहपाठ देत नाही!

त्या यादीत ऑस्ट्रेलियातला एकही प्राणी नाही, हे साहजिकच आहे. पण २००४ साली मास्टर्स करायला मी मेलबर्नला आलो आणि इथलाच झालो. आता कधीकधी मनात येतं की अवधूत फिरत फिरत आपल्या डँडेनाँगच्या डोंगरात आला असता, तर त्याने पंचविसावा गुरू कोणाला केलं असतं? माझ्यापुरते दोन उमेदवार आहेत. दोघंही शेरब्रुकच्या जंगलात राहतात. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना पफिंग बिलीची आगगाडी दाखवायला बेलग्रेव्हला नेतो ना, तिथून हे जंगल अगदी जवळ आहे. पहिला उमेदवार प्रसिद्ध: लायरबर्ड. आपल्या दहा सेंटच्या नाण्यावर १९६६ पासून तोच आहे. दुसऱ्याचं नाव फारसं कोणी ऐकलेलं नसतं: अँटेकायनस. दिसायला थेट चिचुंद्री. पण हा उंदीरही नाही आणि चिचुंद्रीही नाही. कांगारू, कोआला यांच्यासारखाच तो पोटाशी पिल्लं वाढवणाऱ्या प्राण्यांच्या गटातला, फक्त शुद्ध मांसाहारी.

तुम्ही म्हणाल, एक पक्षी आणि एक चिचुंद्रीसारखा प्राणी, यांची तुलना करायची तरी कशी? पण या दोघांचं ताट एकच आहे. माउंटन अ‍ॅशच्या त्या उंचच उंच झाडांखाली, नेच्यांच्या सावलीत, जमिनीवर पाल्याचा ओला थर असतो. त्यातले किडे, कोळी, अळ्या हेच दोघांचं जेवण. लायरबर्ड दिवसा पायाने पाला उकरून खातो, अँटेकायनस बहुतेक रात्री त्याच पाल्यात नाक खुपसून शिकार करतो. दोघांचा विणीचा हंगामही आपल्या इथल्या हिवाळ्यातच. जंगल एक, जेवण एक, ऋतू एक. आणि तरी आयुष्य कसं खर्च करायचं या प्रश्नाची दोघांनी दिलेली उत्तरं इतकी उलट आहेत की मला त्यांची तुलना केल्याशिवाय राहवत नाही.

आधी अँटेकायनस. शेरब्रुकमध्ये जो आढळतो तो वीस ते चाळीस ग्रॅम वजनाचा, म्हणजे साध्या लिंबाएवढाही नाही. जुलै-ऑगस्टच्या सुमारास, दिवस कोणत्या वेगाने मोठा होतोय याचा अंदाज घेऊन, त्या भागातल्या सगळ्या माद्या जवळजवळ एकाच वेळी माजावर येतात. नरांचं वय तेव्हा अकरा महिन्यांच्या आसपास असतं. पुढचे दोन-तीन आठवडे हे नर दुसरं काहीही करत नाहीत. एकेक मीलन कित्येक तास, कधी कधी बारा तासांच्याही वर चालतं. (लेख घरातली लहान मंडळीही वाचतील म्हणून एवढंच!) २०२४ साली ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी या नरांची झोप मोजली. हंगामाचे तीन आठवडे नर रोज सरासरी तीन तास कमी झोपत होते. आणि हंगाम संपतो तेव्हा त्या जंगलातले सगळे नर मेलेले असतात. थकलेले किंवा म्हातारे तेवढेच नव्हेत, एकूण एक.

हे होतं कसं, ते आयटीवाल्याला चटकन समजण्यासारखं आहे. कुठल्याही नीट बांधलेल्या सिस्टिमला एक मर्यादा घातलेली असते. लोड वाढला की ती स्वतःच वेग कमी करते. आपल्या शरीरातही ताणाचं संप्रेरक वाढलं की ते खाली आणणारी यंत्रणा असते. या नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन इतकं वाढतं की ताणाच्या संप्रेरकाला बांधून ठेवणारं प्रथिन कमी पडतं आणि तो ब्रेक निकामी होतो. संप्रेरक रक्तात मोकाट सुटतं. त्या जोरावर नर खाण्यापिण्याकडे फारसं न बघता स्वतःच्याच शरीरातलं प्रथिन जाळत धावत राहतो. मग प्रतिकारशक्ती कोसळते, पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, परजीवी मातात. केस झडलेले, अडखळणारे नर शेवटच्या दिवसांतही मादी शोधत फिरत असतात. आणखी एक गोष्ट मला फार चटका लावून जाते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या शरीरातली बीजनिर्मिती कायमची थांबलेली असते. साठवलेलं तेवढंच भांडवल. पुढच्या वर्षाची सोयच ठेवलेली नाही.

साधारण महिन्याभराने माद्यांना पिल्लं होतात, तांदळाच्या दाण्याएवढी. ती आईच्या पोटाशी स्तनांना चिकटून वाढतात. त्या सप्टेंबरात जंगलात फिरणारा एकही नर जिवंत नसतो. जगात जे काही नर उरलेत ते सगळे तांदळाएवढे आहेत आणि आयांच्या पोटाला लटकलेले आहेत. म्हणजे अँटेकायनसच्या मुलाला बाप नसतो, काका नसतो, आजोबा नसतो. आपल्यापेक्षा एका दिवसाने मोठा म्हणावा असा पुरुष त्याला कधी भेटतच नाही. उन्हाळ्यात दूध तुटलं की मुली आईच्या जवळपास राहतात आणि मुलगे घर सोडून निघून जातात. आणि पुढच्या हिवाळ्यात तेच सगळं पहिल्यापासून.

आता लायरबर्ड. हा किलोभर वजनाचा, तपकिरी, जमिनीवर चालणारा पक्षी. नराला ती प्रसिद्ध सोळा पिसांची शेपटी. ग्रीकांच्या लायर या तंतुवाद्यावरून त्याला नाव मिळालं. खरं म्हणजे नाचताना तो शेपटी तशी उभी धरतच नाही, ती डोक्यावरून पुढे पसरतो आणि चवरीखाली उभा राहिल्यासारखा दिसतो. जंगलात मातीचे छोटे ओटे करतो आणि हिवाळ्याच्या सकाळी त्यांवर उभा राहून तासन् तास गातो. त्याचं स्वतःचं गाणं आहेच, पण मैफलीचा मोठा भाग उसनवारीचा: कुकाबराचं हसणं, व्हिपबर्डचा चाबूक, पोपटांचा किलबिलाट. आपल्या सह्याद्रीतला पल्लवपुच्छ कोतवाल ज्यांनी ऐकला असेल त्यांना नकलाकार पक्षी नवा नाही, पण लायरबर्डची सफाई त्याहून पुढची. ज्याची नक्कल केली तो पक्षीसुद्धा कधी कधी फसतो.

नराला पूर्ण शेपटी यायला सहा-सात वर्षं तरी लागतात. तोवर साध्या शेपटीची तरुण मुलं टोळक्याने हिंडतात, एकमेकांसमोर नाचाची रंगीत तालीम करतात आणि मुख्य म्हणजे जुन्या नरांचं गाणं ऐकतात. नकला ते बरेचदा मूळ पक्ष्याकडून नव्हे, आपल्याच जातीच्या वडीलधाऱ्या नरांकडून उचलतात. वीस वर्षांहून जास्त जगलेले नर नोंदले गेले आहेत. म्हणजे अँटेकायनसच्या वीस पिढ्या येऊन गेल्या तरी हा आपला त्याच जंगलात गातोय. आणि पाला उकरतोय. एक लायरबर्ड वर्षाला हेक्टरी सरासरी १५५ टन माती आणि पाला हलवतो, असं २०२० साली ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून प्रसिद्ध केलं.

ही सगळी माहिती मी मित्रमंडळींत बऱ्याच वेळा सांगितली आहे, आणि निकाल प्रत्येक वेळी एकच लागतो. लायरबर्ड म्हणजे चैनी कलावंत, आणि अँटेकायनस म्हणजे बिचारा बाप, पोराबाळांसाठी जीव देणारा. विशेषतः पुरुषमंडळी अँटेकायनसवर एकदम खूश! "आपलंच वर्णन केलंय रे" असं म्हणत एकमेकांना टाळ्या देतात. मॉर्गेज, दोन-दोन क्लायंट, रात्री दोन वाजता भारतातल्या टीमबरोबर कॉल, वीकेंडला रिलीज. कशासाठी? मुलांसाठी.

मला या निकालाबद्दलच बोलायचं आहे, कारण तो चुकीचा आहे असं मला वाटतं.

गंमत अशी की शास्त्रज्ञांनाही एकेकाळी हाच निकाल पटण्यासारखा वाटला होता. नर मेले की जंगलातले किडे दूध पाजणाऱ्या माद्यांना आणि पिल्लांना पुरतात, म्हणजे नर एका अर्थी आपल्या घासातला घास सोडून जातात, असं एक स्पष्टीकरण दिलं जायचं. ऐकायला किती गोड! अगदी पाठ्यपुस्तकात घालावं असं. पण २०१३ साली क्वीन्सलँड विद्यापीठाच्या डायना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्यांच्या अनेक जातींची तुलना करून वेगळंच चित्र मांडलं. पिल्लांचं दूध तुटतं त्याच वेळी जंगलात किडे भरपूर असावेत, म्हणून माद्यांचा हंगाम आखडत आखडत काही दिवसांवर आला. एका मादीला अनेक नर, एका वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे. अशा वेळी जो नर जास्तीत जास्त बीज देईल, जास्तीत जास्त वेळ टिकेल, त्याचीच पिल्लं जास्त. मग प्रत्येक नर दुसऱ्या नराला मागे टाकण्यासाठी आपलं सर्वस्व तीन आठवड्यांत ओततो. पिल्लं वाचावीत म्हणून तो मरत नाही, शेजारच्या नराने पुढे जाऊ नये म्हणून मरतो. पिल्लं त्याने पाहिलेलीही नसतात.

ज्याला आपण त्याग म्हणत होतो ती शर्यत निघाली.

हे वाचल्यापासून मी "मुलांसाठी" हा शब्द जरा जपून ऐकतो. घराचे हप्ते खरेच असतात आणि ते भरायला कोणाला तरी उठून कामावर जावंच लागतं. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण चार खोल्यांच्या घरातून पाच खोल्यांच्या घरात जाताना, अमक्या उपनगरातून तमक्या शाळेच्या हद्दीत उडी मारताना, शेजारच्याने टेस्ला घेतली म्हणून आपणही शोरूमच्या चकरा मारताना, त्यात मुलं किती आणि शेजारचा नर किती, हा हिशेब कोणी मांडत नाही. आणि हंगाम संपत नाही हा आपला जास्तीचा घोटाळा. अँटेकायनसचा निदान तीन आठवड्यांत आटोपतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतले एक गृहस्थ अचानक गेले. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. कामाचा आणि त्या दुखण्याचा संबंध काय होता ते डॉक्टर जाणोत, मी त्यात पडणार नाही. शोकसभेला सगळे जमलो. प्रत्येक जण उठून सांगत होता की हा माणूस घरासाठी कसा झिजला, किती तास काम करायचा, मुलांना काही कमी पडू दिलं नाही. सगळं खरं होतं. शेवटी त्यांच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कोणीतरी विचारलं, तुला बाबांबद्दल काही सांगायचंय का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, बाबा गाडी लावून आले की अशी शीळ घालायचे. आणि त्याने ती घालून दाखवली. दोनच सूर, दुसरा जरा लांबवलेला. मागे बसलेल्या आजींनी तोंडावर पदर घेतला. नंतर चहाच्या वेळी त्या सांगत होत्या की ही शीळ ह्यांची, म्हणजे मुलाच्या आजोबांची. मिरजेला ते बँकेतून घरी येताना कोपऱ्यावरूनच ती घालायचे, म्हणजे आत आधण ठेवायचं.

इतक्या जणांनी त्या माणसाच्या झिजण्याची साक्ष दिली, आणि मुलाकडे जे पोचलं होतं ते दोन सूर. ते पोचायला त्या माणसाला काहीही झिजावं लागलेलं नव्हतं. फक्त मुलगा घरात असताना घरी यावं लागलं होतं.

इथे शास्त्रातली एक मौज सांगायला हवी. आपल्या साहित्यात गाणाऱ्या पक्ष्याचा पहिला मान कोकिळेचा आणि शेवटचा कावळ्याचा. पण पक्षिशास्त्रात "गाणारे पक्षी" म्हणून जो गट मानतात त्यात कावळा आहे आणि कोकीळ नाही! कारण या गटाची खूण गोड गळा ही नव्हेच. गाणं कानाने ऐकून शिकण्याची क्षमता या गटात असते. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, आईबापाचा सूर कानावर न पडता वाढतं, आणि वेळ आली की कुहूच म्हणतं. तो सूर त्याच्यात जन्मतःच भरलेला आहे. लायरबर्डचं तसं नाही. त्याला ऐकवणारं कोणी नसेल तर त्याच्या गळ्यात ते येणार नाही.

परदेशात मुलं वाढवताना आपल्यातले बरेच जण कोकिळेच्या भरवशावर असतात, असं मला वाटतं. रक्तातच आहे, येईल आपोआप मराठी, मोठा झाला की येईल. कोणाकोणाला येतंही. पण भाषा, शीळ, घरात कोणी आजारी असताना कसं वागायचं, हे सगळं लायरबर्डच्या जातीचं आहे. कोणीतरी वर्षानुवर्षं ऐकू येईल इतक्या अंतरावर गात राहायला लागतं.

टास्मानियाची हकिगत तर मला अनेकदा आठवते. मुख्य भूमीवर कोल्ह्यांमुळे लायरबर्ड संपतील अशी भीती वाटल्याने १९३४ ते १९४९ या काळात व्हिक्टोरियातले वीसेक पक्षी पकडून समुद्रापलीकडे टास्मानियात नेऊन सोडले. तिथे व्हिपबर्ड नाही आणि पायलटबर्डही नाही. तरी त्यानंतर काही दशकांनी, मूळचे पक्षी मरून गेल्यावरही, तिथल्या लायरबर्डच्या गाण्यात या दोघांचे आवाज ऐकू आल्याची नोंद आहे. ज्यांनी ते पक्षी कधी पाहिले नाहीत, ज्यांच्या बापांनीही पाहिले नाहीत, त्यांच्या गळ्यात त्यांचा आवाज. आपल्या मंडळात गणपतीला पाच-सात वर्षांची मुलं श्रावणसरींची गाणी म्हणतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर टास्मानियाच येतो. त्या मुलांनी श्रावण पाहिलेला नाही. इथे तेव्हा हिवाळा असतो आणि त्यांच्या नाकांतून पाणी वाहत असतं!

तर मग लायरबर्डच गुरू, असं म्हणून मोकळं व्हावं का? तसंही जमत नाही. या कलावंताचं चरित्र तपासलं तर फार काही अभिमानाचं हाती लागत नाही. मादी एकटी घरटं बांधते. एकच अंडं घालते, ते जवळजवळ पन्नास दिवस उबवते आणि पिल्लाला एकटीच भरवते. नर फिरकतसुद्धा नाही. वर खोटारडा. २०२१ साली संशोधकांनी दाखवून दिलं की मादी ओट्यावरून निघून जायला लागली की काही नर एकदम वेगळीच नक्कल सुरू करतात: शिकारी प्राणी दिसल्यावर निरनिराळे छोटे पक्षी मिळून जो आरडाओरडा करतात, तो हुबेहूब, अगदी पंखांच्या फडफडीसकट. बाहेर धोका आहे असं वाटून मादी थांबावी, असा यातला डाव असावा, असं त्यांचं म्हणणं. थोडक्यात, मुलांना गाणं शिकवणारा हाच पक्षी बायकोला थापा मारतो.

शिवाय अवधूताची पद्धतही विसरून चालणार नाही. त्याने कबुतराला गुरू केलं ते कबुतराची पूजा करण्यासाठी नव्हे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून कबुतरीने उडी टाकली, तिच्यामागे कबुतराने टाकली, आणि पारधी सगळ्यांना घेऊन गेला. ही गोष्ट आपण आज सांगितली तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. अवधूत मात्र तिला त्यागाची कथा म्हणत नाही. तो म्हणतो, हे मी पाहिलं आणि काय करू नये ते शिकलो. लहानपणी मला तो निष्ठुर वाटायचा. आता वाटतं की स्वतःचा जीव देणं आणि समोरच्याच्या उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला नेमकं दिसलं होतं. कबुतर मेल्याने एकही पिल्लू सुटलं नाही.

आमचे एक स्नेही (फिलॉसॉफी शिकलेले, त्यामुळे वादाला पक्के) यावर म्हणाले, प्राण्यांना निवड नसते, मग त्यांच्या वागण्यावर नीतीची भाषा कशाला? मुद्दा बरोबर आहे. अँटेकायनस दोषी नाही आणि लायरबर्ड साधू नाही. पण म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. हंगामापूर्वी पकडून, माद्यांपासून दूर ठेवलेले अँटेकायनसचे नर दोन-दोन वर्षंसुद्धा जगलेले आहेत. म्हणजे ते मरण काही हाडामांसात कोरलेलं नाही, शर्यतीत उतरल्याने येतं. त्या नराला शर्यतीच्या बाहेर कोणीतरी उचलून ठेवावं लागतं, तो स्वतः बाहेर पडू शकत नाही. आपल्याला निवड असते, असं आपण मानतो. मग आपल्यातला एखादा जण सहा वाजता लॅपटॉप बंद करतो तेव्हा त्याला ते इतकं अपराध्यासारखं का करावं लागतं? आणि रात्री अकरापर्यंत बसणाऱ्याला आपण शोकसभेत, वाढदिवसात, मुलांच्या देखत त्यागमूर्ती का म्हणतो? मुलंही तो शब्द ऐकत असतात. त्यांना लहानपणीच कळतं की प्रेम मोजायचं ते अनुपस्थितीच्या तासांत.

हा लेख इथवर लिहून बायकोला वाचायला दिला. तिने शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात आई कुठे आहे?" मी म्हटलं, आहे ना, घरटं बांधते, अंडं उबवते, पिल्लं पोटाशी धरते. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी. तुझ्या दोन्ही कहाण्यांत बाप मरतो किंवा गातो. पिल्लू वाढवणारी कोण, तिने काय केलं, तिचा आवाज कसा, हे एका ओळीत आटपलंस. शोकसभेत त्या मुलाच्या आईला कोणी विचारलं होतं का, तुला काय सांगायचंय?"

विचारलं नव्हतं कोणी.

शास्त्रज्ञांचंही फार वेगळं नव्हतं, हे तिला मी सांगितलं. लायरबर्डच्या गाण्यावर शंभराहून जास्त वर्षं लिहिलं गेलं, ते जवळजवळ सगळं नराबद्दल. २०१६ साली अनास्ताशिया डॅल्झिएल आणि जस्टिन वेलबर्गन यांनी माद्यांचं गाणं नीट अभ्यासून प्रसिद्ध केलं, तेव्हा दिसलं की मादीसुद्धा इतर पक्ष्यांच्या उत्तम नकला करते. चरताना करते, घरट्याजवळ कोणी आगंतुक आलं तरी करते, आणि दोन्ही वेळच्या नकला वेगवेगळ्या असतात. तिला ना ओटा, ना शेपटीचा पिसारा, ना प्रेक्षक. घरट्यातून बाहेर पडल्यावरही पिल्लू कित्येक महिने तिच्याच मागे मागे पाल्यातून फिरत असतं, आणि ते सगळं त्याच्या कानावर पडत असतं.

"मग हे आधी लिहायचं होतंस," ती म्हणाली, आणि कणीक मळायला उठली.